‘आग माझी’ म्हणणारा डेल्बर्ट

उद्या सकाळी डेल्बर्ट एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणार आहे, आणि ती लिहून घ्यायला कर खात्याच्या तपासनीस बाई शहरातून मुद्दाम येणार आहेत. संध्याकाळपासून मी भांडी घासली, नातवाला झोपवलं, त्याचे हरवलेले मोजे शोधून ठेवले. पण डोक्यातून हे जात नाही. डेल्बर्टने एकदा ठरवलं की ठरवलं. त्या एका वाक्यापायी तो तुरुंगात जाईल, आणि हे त्यालाही कळतंय.

डेल्बर्ट हुडाक माझा थोरला दीर. माझा नवरा रे वारला तेव्हा आमची मॅलरी नुकती शाळेत जायला लागली होती. बर्फ पडला की डेल्बर्ट न सांगता यायचा, आधी माझ्या पायऱ्या मोकळ्या करायचा आणि मग तिला आपल्या ट्रकमधून शाळेत सोडायचा. आभार मानले की त्याला राग यायचा. म्हणायचा, “त्याच रस्त्याने जात होतो.” त्याचा कारखाना नेमका उलट्या दिशेला होता.

आमच्या बेल फेरी गावात नदीकाठी चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना चालू होता तोवर गावात पुरुष दोनच प्रकारचे: मातीतले आणि भट्टीवरचे. डेल्बर्ट भट्टीवरचा. अंगाने मोठा, बोलायला कमी, भुवया कायम जरा जळालेल्या. भट्टीवाल्यांचा एक रिवाज होता. भट्टी बिघडली, आतल्या ताटांना तडे गेले, झिलई फुगून आली, की मुकादम विचारायचा, “कोणाची आग?” मग एकाने पुढे होऊन म्हणायचं, “आग माझी.” चूक कोणाची होती ते कोणी शोधत बसायचं नाही. ज्याने नाव घेतलं त्याचा पगार कापला जायचा, बाकीच्यांचा शाबूत राहायचा. त्या आठवड्यात बाकीच्यांच्या बायका त्याच्या ओट्यावर झाकलेली भांडी ठेवून जायच्या. कोबी घालून परतलेल्या शेवया, अक्रोडाचा रोल, असलं काहीबाही. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कोणी बोलायचं नाही, हाही रिवाजाचाच भाग.

एकदा मोठ्या हॉटेलासाठी चाललेली अख्खी भट्टी वाया गेली होती. धुराड्याची झडप विसरला होता दुसराच कोणी, ज्याच्या घरी आठवड्यापूर्वी बाळ झालं होतं. डेल्बर्ट पुढे झाला. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. त्याने वहीत डेल्बर्टचं नाव लिहिलं आणि विषय संपला. रेने मला हे सांगितलं होतं, डेल्बर्टने कधीच नाही.

कारखाना बंद पडला. डेल्बर्टचा खांदा त्याआधीच निकामी झाला होता. त्याची बायको जोआन कर्करोगाने गेली. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि पेनी नावाची म्हातारी कुत्री. मग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये डिसेंबरात सांताक्लॉज व्हायला त्याला बोलावलं, कारण त्याची दाढी पांढरी होती, खरी होती आणि फुकट होती. गावातलं एकही मूल असं नसेल जे त्याच्या मांडीवर बसून रडलं नाही. जानेवारी उजाडला की तीच दाढी घेऊन तो हमरस्त्यावर उभा राहायचा. सरकारचं चित्र काढतात तसल्या पांढऱ्या दाढीवाल्या अंकल सॅमची उंच टोपी, पट्ट्यापट्ट्यांची विजार, हातात बाणाची पाटी: रिटर्न इथे भरा. टॅक्सच्या हंगामात आमच्याकडे प्रत्येक गावात असा एक तरी माणूस रस्त्याकडेला नाचत असतो. डेल्बर्ट नाचायचा नाही. नुसता उभा राहून हात हलवायचा. पोरं गाडीतून ओरडायची, “आई, सांताला दुसरी नोकरी लागली.”

आधीची बरीच वर्षं तो गावातल्याच एका म्हाताऱ्या लेखापालासाठी उभा राहायचा. तो वारला आणि त्याचं दुकान मिटलं. पुढच्या जानेवारीत, म्हणजे गेल्या वर्षी, ट्रेंट अ‍ॅव्हरिल नावाचा माणूस कुठूनतरी दूरच्या राज्यातून आला आणि बंद पडलेलं बुटांचं दुकान त्याने भाड्याने घेतलं. भिंतीला खाली, पावलांच्या उंचीवर लावलेले आरसे तसेच ठेवले. वर पिवळी पाटी: रिफंड आठवड्यात. कॉफी फुकट. एका दुपारी त्याने डेल्बर्टला गाठून विचारलं, “दाढी खरी का?” आणि कामावर ठेवून घेतलं.

मी गावच्या वाचनालयात काम करते. हंगामात शनिवारी आमच्याकडे स्वयंसेवक येऊन लोकांची रिटर्न फुकट भरून देतात. पण ते प्रश्न फार विचारतात, सगळे कागद मागतात, आणि रिफंड जेवढा बसतो तेवढाच येतो. मी दारावर मोठ्या अक्षरांत लावलं होतं: कोऱ्या कागदावर सही करू नका. भरून देणाऱ्याला खाली स्वतःचं नाव आणि सही करायला सांगा. रिफंड कोणाच्या खात्यात जाणार आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. शेजारी एका हरवलेल्या मांजराची जाहिरात होती. लोक थांबून ती वाचायचे.

आणि ज्यांना शंका यायची ते गाडी बाजूला घेऊन काच खाली करायचे.

“डेल, हा तुझा माणूस कसा आहे रे?”

“कॉफी बरी करतो.”

“चेष्टा नको. जाऊ का?”

“मी गेलो होतो,” डेल्बर्ट म्हणायचा. “मला तर काही त्रास झाला नाही.”

तेवढं पुरे व्हायचं. चाळीस वर्षं भट्टीवर उभा राहिलेला माणूस, गावच्या पोरांचा सांता. त्याच्या शब्दावर लोक आपल्या सोशल सिक्युरिटीचे नंबर, पोरांचे नंबर, बँकेचे आकडे त्या बुटांच्या दुकानात जाऊन ठेवून आले. डेल्बर्ट जेवढी माणसं पाठवील त्या हिशोबाने अ‍ॅव्हरिल त्याच्या हातावर वरून पैसे ठेवायचा. डेल्बर्टने ते लपवलं नाही. पेनीच्या औषधाला होतात, म्हणायचा. मॅलरीलाही त्यानेच पाठवलं.

मार्चमध्ये एका सकाळी दुकानाच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. रिटर्न भरायची मुदतही अजून संपली नव्हती. डेल्बर्ट टोपी घालून आला, दार ढकलून बघितलं, आणि सवयीने पाटी घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दुपारी कोणीतरी त्याला सांगितलं की आत कोणी नाही, तेव्हा तो घरी गेला.

पत्रं आली पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर. अ‍ॅव्हरिलने सगळ्यांच्या पगाराशेजारी एकेक धंदा दाखवला होता, आणि त्या धंद्यात तोटा. तोट्यामुळे कर कमी आणि रिफंड मोठा. मोठ्या रिफंडातला एक तुकडा लोकांना मिळाला, उरलेला अ‍ॅव्हरिलच्या खात्यात गेला. कागदावर भरून देणाऱ्याची सही कुठेच नाही. जणू प्रत्येकाने घरी बसून स्वतःच भरलेला. आता खातं सगळं परत मागतंय, वर दंड. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आयडा वास्को बाई कागदोपत्री कुत्र्यांचे केस कापून देतात असं निघालं. त्यांना कुत्रं नुसतं दिसलं तरी शिंका येतात. शाळेची बस चालवणारा क्लेम रुसनाक लग्नाचे केक बनवतो.

सुरुवातीला लोक हसले. जेवणघरात क्लेमला बघून कोणीतरी म्हणालं, “क्लेम, पोरीचं लग्न काढलंय. तीन मजली होईल का?”

“चार मजली करतो,” क्लेम म्हणाला. “तोट्यात.”

मग दार उघडून डेल्बर्ट आत आला आणि हसू थांबलं. तो नेहमीच्या जागी बसला. क्लेमने आपला कप उचलला, त्याच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, “काय सांता. यंदा माझ्या पोरांना काय आणणार? दंड का व्याज?”

डेल्बर्ट उठला. कॉफी यायच्या आधीच तिचे पैसे ठेवून बाहेर पडला. मी खिडकीजवळच्या टेबलाशी होते. मी माझी कॉफी ढवळत राहिले. त्या डिसेंबरात हॉलमध्ये दुसऱ्याच कोणाला तरी कापसाची दाढी लावून बसवलं. डेल्बर्टने आपली दाढी काढून टाकली. तिच्याखाली हनुवटी एवढी लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच्या घराच्या दारावर कोणीतरी कचऱ्याची पिशवी फोडून गेलं. अंधार पडल्यावर फोन यायला लागले, म्हणून तो आता संध्याकाळनंतर फोन उचलत नाही.

तपासनीस बाईंनी चौकशीसाठी वाचनालयातली मागची खोली मागून घेतली. चांगल्या बाई आहेत, आवाज चढवत नाहीत. एकेकाला आत बोलवतात. बाहेर पडणारी माणसं पुस्तकांच्या कपाटांमधून वाट काढत जातात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. आयडाबाई मात्र माझ्या टेबलाशी थांबल्या. हातमोजे घालायला त्यांना वेळ लागतो.

“काय विचारलं हो?” मी म्हटलं.

“मी सही केली ते वाचून केली का, विचारलं. मी म्हटलं, बाई, मला जवळचं दिसत नाही आणि लांबचं आठवत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “कोणी पाठवलं तेही विचारलं. डेल्बर्टचं नाव सांगितलं मी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, खोटं कसं सांगू? मग म्हणाल्या, डेल्बर्टला माहीत होतं का? म्हटलं, ते त्यालाच विचारा.”

सगळ्यांनी डेल्बर्टचंच नाव सांगितलं. खरंच होतं ते. आयडाबाईंनी पैसे वाचवायला वरच्या मजल्याची शेगडी बंद केली आहे आणि खालच्या सोफ्यावर झोपतात, हे त्यांनी मला सांगितलं नाही. डेल्बर्टने सांगितलं. तो त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ अजून काढतो, त्या उठायच्या आत.

शुक्रवारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला. एका हातात कुत्रीच्या खाण्याची पिशवी, दुसऱ्या हातात कॉफीचा रिकामा डबा. डब्यात त्याच्या घराची किल्ली होती.

“तळघरातली घर तापवायची भट्टी चालू करताना आधी डावीकडची चावी,” तो म्हणाला. “उजवीकडची आधी फिरवलीस तर धूर होतो.”

“मला कशाला सांगतोस?”

“पेनी तुझ्याकडे राहील ना? सोफ्यावर चढते. चढू दे. आता किती दिवसांची आहे ती.”

“डेल, बस आधी.”

तो बसला. मी त्याच्यासमोर सूप ठेवलं. त्याने चमचा उचलला नाही.

“सोमवारी माझी पाळी आहे,” तो म्हणाला. “मी सांगणार आहे की मला माहीत होतं. पहिल्यापासून. माहीत असून सगळ्यांना पाठवलं.”

“पण माहीत नव्हतं तुला.”

“आयडाबाईंना तरी कुठे होतं? त्या कुठून भरणार सांग. कोणीतरी आग माझी म्हटल्याशिवाय हे मिटायचं नाही, लिनेट. मी म्हटलं की बाकीचे फसवलेले ठरतात. फसवलेल्याला कोण दंड करतो?”

“हा कारखाना नाही रे. हे सरकार आहे.”

“मुकादम मुकादमच असतो. त्यालाही वहीत एक नाव लागतं.”

“वकील तरी गाठ. फुकट मिळतात.”

“वकील घेऊन गेलो की लपवतोय असंच वाटणार.”

“आणि अ‍ॅव्हरिल? तो मोकळाच ना?”

“तो कुठे सापडतोय. मी सापडलोय.” मग तो जरा हसला. “शिवाय तिथे जेवण वेळेवर मिळतं म्हणे. जोआन गेल्यापासून माझं ते एक राहूनच जातं.”

मी हसले नाही. त्याने सूप संपवलं, वाडगा धुऊन ठेवला. दारात जाऊन म्हणाला, “मॅलरीचंही सुटेल यातून. तिची परीक्षा आहे ना उन्हाळ्यात? मग झालं तर.”

माझ्या मनात होतं तेच त्याने बोलून दाखवलं. आणि मी गप्प राहिले. पेनी सोफ्यावर चढून बसली होती.

मॅलरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री वृद्धाश्रमात मदतनिसाचं काम करते, दिवसा कॉलेजला जाते, आणि तिचा मुलगा वायट तिच्यापेक्षा जास्त माझ्याकडेच असतो. परवाना देणारं मंडळ कसून विचारतं: कधी काही खोटं लिहून दिलंय का, कुठे चौकशी चालू आहे का. कर खात्याचं पत्र आलं त्या दिवशी ती कपडे धुवायच्या यंत्राला टेकून खाली बसली आणि मला सगळं सांगितलं.

गेल्या फेब्रुवारीत ती अ‍ॅव्हरिलच्या दुकानात गेली होती. बुटांचे खोके ठेवायच्या मागच्या खोलीत झेरॉक्सचं यंत्र होतं. तिथे ती आपल्या कागदांच्या प्रती काढत होती. तेवढ्यात डेल्बर्ट हात शेकायला रस्त्यावरून दुकानात आला. ती आत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“आयडाबाईंच्या कागदावर कुत्र्यांचं काहीतरी लिहिलंय,” डेल्बर्ट म्हणाला. “त्यांच्याकडे कुत्रं नाही. कधीच नव्हतं.”

“ते वर्गवारीचं नाव आहे रे,” अ‍ॅव्हरिल म्हणाला. “म्हाताऱ्या माणसांचा घरखर्च कॉम्प्युटर त्याच्यात टाकतो. तू कधी स्वतःच्या हाताने भरलंस का रिटर्न? मी वीस वर्षं भरतोय.”

“मग त्यांना तसं समजावून सांगा. घाबरल्यात.”

“हे बघ. टोपी तुझी, रस्ता तुझा. आतलं माझं. पटत नसेल तर पांढऱ्या दाढ्या खूप मिळतात.”

मॅलरी म्हणाली, डेल्बर्टचे बूट तिला खालच्या आरशात दिसत होते. मग तो म्हणाला, “खर्चाचंच असेल तर ठीक,” आणि बाहेर गेला.

त्यानंतर अ‍ॅव्हरिल मागच्या खोलीत आला आणि मॅलरीला म्हणाला, “तू घरी केस कापतेस ना?”

तिने वायटचे केस कापले होते. तिने हो म्हणून मान हलवली. तो काय विचारतोय हे तिला कळलं होतं. आत्ताच तिने कुत्र्यांचं ऐकलं होतं. गाडीचा गिअरबॉक्स गेला होता, कॉलेजचा हप्ता होता. तिने सही केली.

“आई, मला कळलं होतं गं,” ती म्हणाली. यंत्र फिरत होतं. “काकाला नाही कळलं. मला कळलं.”

मी तिला गप्प केलं. म्हटलं, कोणाला सांगू नकोस, तुला कोणी विचारलेलं नाही. तोवर डेल्बर्टवर काही येईल असं वाटलंच नव्हतं. खात्याचा माणूस येईल, डेल्बर्ट खरं सांगेल, ते विश्वास ठेवतील, एवढाच माझा हिशोब होता. आता तो खरं सांगणारच नाही. त्याला फसवताना ऐकलेला माणूस जगात एकच आहे, आणि ती मी झाकून ठेवलेली माझी मुलगी आहे.

काल शनिवारी विद्यापीठाच्या मोफत कर मदत केंद्रातली वकील वाचनालयात आली होती. तरुण मुलगी आहे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ बुटांना लागलेलं, सफरचंद खात खात कागद वाचते. मी तिला नावं न घेता विचारलं: एखाद्याने दोष आपल्यावर घेतला तर बाकीचे सुटतात का?

“नाही सुटत,” ती म्हणाली. “ज्याची सही, त्याचा कागद. कर ज्याचा त्यालाच भरावा लागतो. फसवणूक झाली असं दाखवता आलं तर दंड कमी होऊ शकतो, हप्ते मिळतात. पण त्यासाठी कोणी खोटी कबुली द्यायची गरज नाही. उलट त्या माणसाने असं सांगितलं की लोक म्हणतील, तो तर त्या टोळीतलाच. मग खरा चोर राहिला बाजूला, आणि सरकारी माणसाला खोटं सांगणं हा वेगळाच गुन्हा.”

“त्याला फसवताना कोणी ऐकलं असेल तर?”

तिने सफरचंद खाली ठेवलं. “मग त्या ऐकणाऱ्याचं सांगणं फार महत्त्वाचं.”

“आणि ऐकणाऱ्याचाही पाय अडकलेला असेल तर?”

“तर त्याने आधी माझ्याकडे यावं. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. आपला कागद आपण होऊन दुरुस्त करून दिला की बरंच हलकं होतं. सगळं नाही होत. तसं वचन मी देणार नाही.” तिने कार्डाच्या मागे घरचा नंबर लिहिला. “रविवारी लावलात तरी चालेल.”

ते कार्ड काल दुपारपासून माझ्या एप्रनच्या खिशात आहे.

आज चर्चमध्ये डेल्बर्ट मागच्या बाकावर बसला होता. त्या बाकावर दुसरं कोणी नव्हतं. प्रार्थना संपल्यावर मॅलरी वायटला कडेवर घेऊन सरळ त्याच्याकडे गेली.

“डेलकाका, जेवतोस ना नीट? केवढा उतरलायस.”

“दाढीचं वजन गेलं,” तो म्हणाला. “तुझा अभ्यास?”

“हृदय चाललंय. चार कप्पे आहेत आणि मला तीनच आठवतात.”

“चौथा कशाला लागतो.”

वायटने त्याची हनुवटी चाचपून बघितली आणि विचारलं, “सांता कुठे गेला?” डेल्बर्ट म्हणाला, “उत्तर ध्रुवावर. पोस्टाची कामं तुंबलीत.” मॅलरी हसली. उद्या त्याची चौकशी आहे हे तिला ठाऊक आहे. तो काय सांगणार आहे ते ठाऊक नाही. निघताना ती त्याला म्हणाली, “उद्या घाबरू नकोस. जे आहे ते सांग. तू काही केलेलं नाहीस.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ, बोलू नकोस. आणि मला बरं वाटलं. ते लिहिताना लाज वाटते, पण बरंच वाटलं. वाटलं, त्यानेच सांगितलंय, आता माझ्यावर काही नाही.

घरी आल्यापासून मी तेच घोळवत बसले आहे. समजा मी गप्प राहिले. तर उद्या डेल्बर्ट त्या मागच्या खोलीत बसून म्हणेल, आग माझी. तपासनीस बाई तसंच लिहून घेतील. आयडाबाईंची वरची शेगडी त्यामुळे पेटणार नाही. क्लेमचा दंड माफ होणार नाही. अ‍ॅव्हरिलला दुसऱ्या कुठल्यातरी गावात दुसरं एखादं बंद दुकान मिळेल. आणि ओट्यावर झाकलेली भांडी ठेवून जायला आता कोणी येणार नाही. रिवाज ज्यांच्या जोरावर चालायचा ती माणसंच उरलेली नाहीत. एवढ्यासाठी तो जाईल. आणि माझी मुलगी परवाना मिळवून आयुष्यभर आजारी माणसांचे हात धरेल, आणि काका का गेला हे तिला एक दिवस कोणीतरी सांगेलच. आमच्या गावात काही लपत नाही, फक्त उशिरा कळतं.

समजा मी मॅलरीला सांगितलं. तर ती काय करेल हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर शुक्रवारपासून सांगितलेलं नाही. ती विचारसुद्धा करणार नाही, कोट घालून निघेल. मग तिचा परवाना राहतो की जातो, कॉलेज काय म्हणतं, यातलं काहीच मला माहीत नाही. त्या वकील मुलीलाही माहीत नाही. वायटच्या खोलीचं दार मी दोनदा उघडून बघितलं. तो झोपलाय. त्याच्यासाठी म्हणून मी गप्प राहते आहे, असंही स्वतःला सांगून बघितलं.

मघाशी डेल्बर्टला फोन लावला होता. वाजत राहिला. अंधारानंतर तो उचलणार नाही हे माहीत असूनच लावला असेल मी.

मॅलरीला कामावर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत. मजल्यावरच्या टेबलावरचा फोन वाजला की कोणीतरी तिला हाक मारतं, आणि आधी तिला वाटतं वायटला काही झालं. म्हणून पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलं आहे: वायट ठीक आहे, झोपलाय, तू बस. मग डेल्बर्ट उद्या काय सांगणार आहे ते. मग कार्डामागचा नंबर, आणि हे की आधी वकिलाकडे, त्याच्याआधी कोणाकडेही नाही. चौकशी सुरू व्हायच्या आत. ती रडली तर थांबायचं, पण फोन ठेवायचा नाही.

कार्ड मी दिव्याखाली ठेवलं आहे. वृद्धाश्रमाचा नंबर पाठ आहे. लावते.